पाणी तपासता, मग शिवल्या कधी तपासणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी ठाणे खाडीच्या नवी मुंबईकडच्या बाजूला एका कोळीवाड्यात राहते. माहेर कोळीवाडा आणि सासरही कोळीवाडाच, त्यामुळे म्हावरं हा माझ्यासाठी पेपरात वाचायचा विषय नाहीये, ते सकाळी पाटीत असतं आणि दुपारी आमच्या ताटात असतं. पत्र लांबणार आहे, जागा कमी पडली तर सुरुवातीचं कापा पण शेवटी खाडीतल्या माशा-शिंपल्यांचं मांस तपासा ही जी मागणी लिहिलीय ती तेवढी कापू नका ही विनंती.

माझी आई तीस वर्षं बाजारात पाटी घेऊन बसली. शाळेला सुट्टी असली की मी तिच्या बाजूला बसायचे, तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं "मावशी ताजं आहे ना?" बस. उलट खाडीचं म्हटलं की दोन पैसे जास्त मिळायचे, खाडीची चिंबोरी, खाडीची कोळंबी, आणि जिताडा मिळाला तर तो विकायचा का पाहुण्यांसाठी ठेवायचा यावर घरात बोलणं व्हायचं इतका त्याला मान. आता मी बहिणीच्या जागेवर कधीमधी बसते तर पहिला प्रश्न येतो "खाडीचं का समुद्राचं?" आणि आम्ही सगळ्या जणी एकच उत्तर देतो, "दर्याचं हाय, घे बिनधास्त." मीसुद्धा दिलंय हे उत्तर. समोर बोय मासळी पडलेली असते, खाडीतली, सकाळच्या ओहोटीला काढलेली, आणि मी सांगते दर्याची. घरी येऊन जेवायला बसलं की ते आठवतं, घास घशाखाली उतरत नाही, कारण विकून उरलेली तीच बोय आमच्या पोरांच्या ताटात असते.

बोयीचंच सांगते. साफ करताना काही कळत नाही, हळद मीठ लावलं तरी कळत नाही, तव्यावर टाकली आणि तेल तापलं की मग घासलेटचा वास येतो. खाडीकाठच्या कुठल्याही घरात विचारा, हा वास माहीत नाही असं घर मिळणार नाही. सासूबाई अशी तुकडी बाजूला काढायच्या आणि म्हणायच्या ही नाल्याच्या तोंडची असणार. पूर्वी कधीतरी लागायची अशी, आता कधी चांगली लागते ते लक्षात राहतं. पण मला जास्त भीती वाटते ती ज्याला वास नाही त्याची, पाऱ्याला वास नसतो, शिशाला नसतो, कॅडमियम नावाच्या विषारी धातूला नसतो, आणि कालवणात चिंच कोकम पडल्यावर तर काहीच कळत नाही.

शिवल्यांकडे येते, कारण पत्र लिहायला बसले ते त्यांच्यामुळे. चिखलातल्या या शिंपल्यांना आम्ही शिवल्या म्हणतो, मालवण रत्नागिरीकडे तिसऱ्या म्हणतात, खुबे आणि कालवं हे दुसरे शिंपले, त्यांचीही गत शिवल्यांसारखीच. घरी आणल्या की टोपात मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, थोड्या वेळाने तोंडं उघडतात, छोट्या नळ्या बाहेर येतात आणि पाणी आत ओढून बाहेर सोडत राहतात, तासाभराने टोपाच्या बुडाला करडा थर बसलेला दिसतो. लहानपणी मी ते बघत बसायचे, मजा वाटायची. टोपात तासभर जे करतात तेच त्या खाडीत दिवसरात्र करत असतात, हे मात्र खूप उशिरा डोक्यात शिरलं. एक एक शिवली रोज कित्येक लिटर पाणी स्वतःतून गाळते, त्यातला खाण्याजोगा कण ठेवते आणि त्याच्याबरोबर पाण्यात जे काही असेल तेही ठेवते. मासा पोहत दुसरीकडे जाईल, शिवली कुठे जाणार, ती जिथे रुजली तिथलाच चिखल तिच्या अंगात भरत जातो. म्हणून तर जगभर पाणी किती खराब आहे हे मोजायला शिंपलेच घेतात, पाण्याच्या बाटलीत त्या क्षणाचं पाणी असतं आणि शिंपल्यात महिन्यामहिन्यांचं साठलेलं असतं.

मिठाच्या पाण्यात ठेवून रेती निघते. स्वच्छ समुद्राच्या पाण्यात दीड दोन दिवस ठेवल्या तर जंतूही बरेच निघतात. पण मांसात जाऊन बसलेला धातू असा निघत नाही, उकळून निघत नाही आणि तळून पण निघत नाही. आमच्याकडे अजून सांगतात की चांगलं उकळलं की सगळं मरतं. जंतू मरतात, खरं आहे, तेही नीट आतपर्यंत शिजल्यावरच. शिसं काही जिवंत नाही मरायला.

आणि अर्धवट शिजवलं तर जंतूही मरत नाहीत हे १९८८ साली शांघायमध्ये जगाने बघितलं. सांडपाण्याने खराब झालेल्या किनाऱ्यावरचे शिंपले तिथे बाजारात आले, लोक ते गरम पाण्यात नुसते बुडवून जवळजवळ कच्चे खायचे, आणि काही आठवड्यांत तीन लाखांच्या आसपास लोकांना कावीळ झाली. कावीळीची ती जात हिपॅटायटिस ए, सांडपाण्यातून येणारी. आपल्याकडे कच्चे कोणी खात नाही ही चांगली गोष्ट आहे, पण घाईत, जास्त शिजल्या तर रबरासारख्या होतात म्हणून, वाफ आली की उतरवतात हे पण खरं आहे, मी स्वतः करायचे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याला कावीळ झाली, दहा दिवस दवाखान्यात होता. डॉक्टरांनी विचारलं बाहेरचं काही खाल्लं का, पाणीपुरी वगैरे. आम्ही नाही म्हटलं. घरी शिवल्या झाल्या होत्या हे आम्ही सांगितलंच नाही आणि त्यांनी विचारलंही नाही, कारण घरचं म्हणजे चांगलंच हे दोघांनी धरून चाललेलं. शिवल्यांमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, तसं म्हणायला काही पुरावा नाही माझ्याकडे. माझं म्हणणं हेच आहे की पुरावा असायला हवा होता, त्या महिन्यात त्या जागेच्या शिवल्या कशा होत्या हे कोणाकडे तरी लिहिलेलं असायला हवं होतं.

नंतर मी एका खाजगी लॅबमध्ये फोन केला, म्हटलं शिवल्या तपासायच्यात. त्यांनी विचारलं कुठले पॅरामीटर पाहिजेत ते लिहून द्या, धातूचे वेगळे पैसे, जंतूंचे वेगळे. सगळं मिळून आमच्या महिन्याच्या किराण्याच्या वर गेलं. आणि एकदा तपासून होणार काय, एका पाटीचा रिपोर्ट पुढच्या उधाणाला उपयोगाचा नाही. हे घरातल्या बाईने करायचं काम नाहीच आहे.

मग करायचं कोणी? प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी तपासतं. ते तपासतात हे मी मान्य करते, ऑक्सिजन किती, घाण किती, मैल्याचे जंतू किती. केंद्रीय मंडळाने किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग पाडलेत, त्यातला पहिला वर्ग म्हणजे मिठागरं आणि शिंपले काढण्याजोगं पाणी, त्याला पारा, शिसं, कॅडमियम यांची पण मर्यादा आहे. दुसरा वर्ग आंघोळ आणि व्यावसायिक मासेमारीचा, त्याला १०० मिलिलिटरमागे मैल्याचे जंतू १०० च्या वर नकोत. तर कागदावर शिंपल्यांसाठी सर्वात वरच्या दर्जाचं पाणी लागतं हे सरकारला माहीत आहे. आणि आमच्या बायका ज्या चिखलात गुडघाभर उतरून शिवल्या काढतात तिथे वरच्या अंगाला नाला येऊन पडलेला असतो. कोणी येऊन सांगितलं नाही की बाई इथलं पाणी त्या वर्गात बसत नाही.

अन्न व औषध प्रशासन खाण्याच्या वस्तू तपासतं, दूध, मिठाई, खवा. आईच्या तीस वर्षांत आणि बहिणीच्या बारा वर्षांत खाडीच्या शिवल्यांचा नमुना घ्यायला आमच्या बाजारात कोणी आलेलं आम्हाला आठवत नाही. मर्यादा तर ठरवून ठेवल्यात, देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमात साध्या माशाला किलोमागे पारा अर्धा मिलिग्रॅम, मोठ्या शिकारी माशाला एक मिलिग्रॅम, शिशाला वेगळी, कॅडमियमला वेगळी. नियम आहे, काटा आहे, माल आहे, पण मोजणारा माणूस बंदरावर येत नाही.

आणि परदेशात जाणाऱ्या मालाचं बघा. युरोपला जाणाऱ्या कोळंबीची अँटिबायोटिकसाठी तपासणी होते, त्यासाठी देशभराचा कार्यक्रम आहे, कंटेनर परत आला तर केवढी धावपळ होते. युरोपात स्वतःच्या शिंपल्यांसाठी तर खाडीचे विभागच पाडलेले असतात. शिंपल्याचं मांस तपासतात, पाणी नाही, १०० ग्रॅम मांसात ई कोलाय हे मैल्यातले जंतू २३० पर्यंत असतील तर ढोबळमानाने तो विभाग ए, माल थेट विका. ४६०० पर्यंत बी, आधी स्वच्छ पाण्यात ठेवून मग विका. त्याच्या वर ४६००० पर्यंत सी, चांगल्या पाण्यात दोन महिने तरी नेऊन ठेवा. त्याही वर गेलं की काढायचेच नाहीत. साधी गोष्ट आहे, कोळ्याला पण कळते आणि गिऱ्हाईकाला पण कळते. आपल्याच देशात केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, ते शिंपल्यांचा साठा नीट सांभाळून काढल्याबद्दलचं आहे, पण त्यातून एक दिसलं की ठरवलं तर कोळी, शास्त्रज्ञ आणि सरकारी खातं शिंपल्यांसाठी एका टेबलावर बसू शकतात.

आता पाऱ्याबद्दल थोडं, कारण त्यात आमच्या बायकांचा संबंध जास्त आहे. पारा खाडीत पडला की चिखलातले जंतू त्याचं मिथाइल पारा नावाचं रूप करतात, ते बारीक जीवात जातं, बारक्या माशात जातं, बारक्याला मोठा खातो, त्याला आणखी मोठा, आणि प्रत्येक पायरीला ते वाढत जातं. त्यामुळे मांदेली, तारली, बांगडा, बोंबील यांच्यात कमी असतं आणि मुशी म्हणजे लहान शार्क, मोठे शिकारी मासे यांच्यात जास्त. ते चरबीत नाही, मांसातच बसतं, साल काढून उपयोग नाही. पोटुशी बाईच्या रक्तातून ते बाळाच्या मेंदूपर्यंत जातं. आणि आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देतात, मलाही दिली होती, आईने मुद्दाम पहाटे बंदरावर जाऊन आणली होती. ती आईची माया होती, तिला मी आज नावं ठेवणार नाही. पण ज्या माशात पारा सगळ्यात जास्त साठतो तोच मासा आम्ही अंगावर पाजणाऱ्या बाईला देतो हे तिला कोणी सांगायला पाहिजे होतं, आणि आमच्या बाजारातल्या मुशीत नक्की किती आहे तेही मोजून सांगायला पाहिजे होतं.

जपानच्या मिनामाताचं नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असेल. तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं पाऱ्याचं पाणी आखातात जात होतं, काठावरचे लोक आमच्यासारखेच, मासे शिंपले रोजचे. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरायला लागली, कारण मांजरं मासे खायची. मग लहान मुलं आजारी पडायला लागली, १ मे १९५६ ला आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याच्याच डॉक्टरांनी मांजराला ते पाणी देऊन बघितलं आणि मांजर आजारी पडलं, तरी ते दाबून ठेवलं गेलं. सरकारने कारण मान्य केलं १९६८ मध्ये. बारा वर्षं. बारा वर्षं लोक तेच मासे खात राहिले, कारण स्पष्ट असं कोणी सांगितलंच नाही. त्याच गावाच्या नावाने पाऱ्याबद्दलचा जागतिक करार झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला.

आपल्याकडे मिनामाता झालंय असं मी म्हणत नाहीये, उगाच कोणाला घाबरवायचं नाही मला. पण उल्हास नदीच्या खाडीच्या गाळात पारा आहे हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मोजून २००३ मध्येच छापलेलं आहे, आणि उल्हासची खाडी आणि आमची ठाणे खाडी ठाण्याजवळ चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेल्या आहेत. आमच्या काठावर साठच्या दशकापासून टीटीसीचा, म्हणजे ठाणे-बेलापूर वसाहतीचा केमिकल पट्टा उभा राहिला, समोर ट्रॉम्बे, वरच्या अंगाला देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, पावसात त्याचं काळं पाणी कुठे जातं ते भरतीला होडीत बसून बघा. शिवाय दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी. नवीन कारखाने पाणी साफ करून सोडत असतील, सगळेच वाईट असं नाही म्हणत मी, पण जुना गाळ तसाच आहे, आणि नांगर पडला, ड्रेजर लागला, पुलाचे खांब बसले की तो गाळ परत वर येतो.

माझ्या मनात सगळ्यात जास्त काय सलतं ते सांगते. खाडीत मासे मरून वर तरंगले की सगळे येतात. फोटो निघतात, पंचनामा होतो, पाण्याच्या बाटल्या भरून नेतात, दोन दिवस पेपरात येतं. दाभोळ खाडीतल्या भोई लोकांनी असे मेलेल्या माशांचे थर किती वेळा बघितलेत. पण मेलेला मासा कोणी खात नाही. जो मेला नाही, ज्याने ते सगळं अंगात घेतलं आणि तरी जिवंत राहिला, तोच आमच्या पाटीत येतो आणि तोच तुमच्या पिशवीत जातो. त्याचा पंचनामा कोण करणार?

तारापूरच्या बाजूच्या लोकांनी एक मार्ग दाखवला. २०१६ मध्ये अखिल भारतीय मांगेला समाज परिषद कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या कोर्टात गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने तिथल्या शंभरावर कारखान्यांवर भरपाई बसवली. केवढी मोठी गोष्ट आहे ही, मच्छिमारांनी लढून मिळवलेली. पण त्याला सहा वर्षं लागली, आणि त्या सहा वर्षांत नवापूर, दांडी, मुरबे इथली पोरं काय खात होती हा प्रश्न उरतोच. भरपाई नंतर मिळेल तेव्हा मिळेल, आज संध्याकाळी काय शिजवायचं ते आज कळायला पाहिजे.

मी हे लिहितेय म्हणून घरात वाद झालाय हे पण सांगून टाकते. माझा चुलत दीर म्हणाला, "वहिनी तू पेपरात लिहू नको, धंदा बसंल. लोकं खाडीचं सोड, दर्याचं पण घेणार नाय." त्याची भीती खोटी नाही. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात माशांत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, असल्याची बातमी आली तेव्हा काय झालं, आधी सापडलं म्हणाले, मग मर्यादेत आहे म्हणाले, मग बाहेरून येणारे मासे पंधरा दिवस बंद केले. लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि गोव्यातल्या ज्या बाईने त्याच सकाळी स्वतःच्या नवऱ्याच्या होडीतून मासे आणलेले तिच्याही पाटीकडे लोक संशयाने बघायला लागले. असं अर्धवट आणि उलटसुलट सांगितल्यावर नुकसान होणारच. पण न सांगितल्याने नुकसान होत नाहीये का? "खाडीचं का समुद्राचं" हा प्रश्न आज बाजारात येतोच आहे, कुठलाही रिपोर्ट नसताना येतोय, आणि त्यात चांगली खाडी, वाईट खाडी सगळ्या एका मापात जातात. नीट तपासलं तर निदान कोणी तरी ठामपणे सांगेल की या बाजूची कोळंबी चांगली आहे, खा. मला तर वाटतं बरीचशी चांगलीच निघेल. कोळंबीचं आयुष्य काही महिन्यांचं, तिच्यात साठायला वेळच कमी. शिवली, कालव आणि म्हातारी चिंबोरी यांचं वेगळं. म्हणून सरसकट नको, जात आणि जागा बघून सांगा.

आणि बंदी पाळायची आम्हाला सवय आहे. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी वर काढतात, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच खरी सुरुवात मानतात. मासा वाढावा म्हणून दोन महिने चूल आखडती घेणारा हा समाज आहे. उद्या तुम्ही आकडा दाखवून सांगितलंत की अमुक नाल्यापासून अमुक पुलापर्यंत सहा महिने शिवल्या काढू नका, आणि तेवढ्या बायकांना तेवढ्या महिन्यांचं काहीतरी दिलंत, तर कोळीण परत तिथे उतरणार नाही, मी खात्रीने सांगते. ज्याच्यामुळे ती जागा बंद करावी लागली त्याच्याकडून ते पैसे घ्या.

यात आणखी कोणी आहे ज्यांचा आवाज कुठेच येत नाही. आमच्या खाडीच्या कांदळवनात कातकरी बायका पोरांना घेऊन येतात, हाताने निवटे आणि खेकडे काढतात. विकायला थोडे, खायला जास्त. निवट्या त्याच चिखलात बीळ करून राहतो, चिखलच चाखतो. त्यांना बाजारातून सुरमई घ्यायचा पर्याय नाही. तपासणीचा पहिला हक्क माझ्या मते त्यांचा आहे, माझा त्यानंतर. मायक्रोप्लास्टिकबद्दल हल्ली खूप लिहून येतं, गोव्यात साळ नदीच्या खाडीतल्या माशांत आणि शिंपल्यांत ते सापडल्याचं २०२१ मध्ये आलं होतं, तेही महत्त्वाचं आहे, पण आमच्याकडे अजून शिसं आणि मैल्याचे जंतूच कोणी सांगत नाहीये, तेव्हा आधी ते.

तोपर्यंत बायांनी घरात काय करायचं, तर मी काय करते तेवढं सांगते. शिवल्या नाल्याच्या तोंडच्या आणतच नाही, विचारून घेते कुठल्या. तोंड उघडलेली आणि टिचकी मारून न मिटणारी फेकते. वाफ आल्यावर पुढे चांगल्या पाच सात मिनिटं ठेवते, रबर झाली तर झाली. चिंबोरीच्या पाठीच्या कवचाखालचा मऊ पिवळा तपकिरी भाग हल्ली मुलांना देत नाही, घाण तिथे जास्त साठते, सासूबाईंना ते पटलेलं नाही कारण सगळी चव त्यातच. मोठ्या माशाचं पोट आणि आतडी काढून टाकते. सुनेला दिवस गेलेत तिला मुशी बंद केलीय आणि बांगडा, मांदेली भरपूर देते, कारण मासे खाणं सोडून चालणार नाही, बाळाला त्याचीच गरज असते. आणि समुद्राला कधी लाल तपकिरी रंग चढला तर शिंपले अजिबात नकोत, त्या शेवाळाचं विष शिजवूनही जात नाही, केरळात विळिंजमला १९९७ मध्ये शिनाणे नावाचे शिंपले खाऊन माणसं गेली होती. पण हे सगळं अंदाजाने चाललंय, डोळे बांधून रस्ता ओलांडल्यासारखं.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, आम्हाला त्याचा अभिमान आहे, पाखरं येतात तेव्हा आमची पोरं पण बघायला जातात. त्या पाखरांची मोजणी होते, पायात कड्या घालून कुठून कुठे गेली ते बघतात. तेवढीच काळजी त्याच चिखलातून जेवण काढणाऱ्या माणसांची घ्या.

तर मागणी अशी. ठाणे खाडी, उल्हासची खाडी, वसई, तारापूर मुरबे, रेवदंडा, सावित्री, दाभोळ, जिथे जिथे कारखान्याचं नाहीतर शहराचं पाणी येतं आणि लोक मासे शिंपले काढतात, तिथे ठरलेल्या जागांवरून दर महिन्याला शिवल्या, कालवं, चिंबोरी आणि दोन तीन जातीचे मासे घेऊन त्यांचं मांस तपासा. मत्स्यव्यवसाय खातं, अन्न व औषध प्रशासन आणि प्रदूषण मंडळ यांनी एकमेकांकडे बोट न दाखवता हे एकत्र करावं. लॅब नाही असं कोणी म्हणू नये, वर्सोव्याला १९६१ पासूनचं केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थान आहे, समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र मुंबईतच आहे, शिकणारी पोरं आहेत, मशिनं आहेत. आणि रिपोर्ट वेबसाइटवर इंग्रजीत टाकून मोकळं होऊ नका. बंदरावर, बाजाराच्या दारात, मोठ्या अक्षरात मराठीत बोर्ड लावा, अमुक महिना, अमुक जागा, शिवल्या खा, कालवं नको, पोटुशी बायांनी हे टाळा. आमच्या बाजारात भावाचा बोर्ड लावतात तसाच. गिऱ्हाईकाने विचारलं की मी बोट दाखवीन, मला दर्याचं हाय म्हणून सांगावं लागणार नाही.

कोणी अधिकारी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच. नमुना कुठून घ्यायचा, कुठल्या नाल्याचं पाणी कधी काळं येतं, कुठल्या खडकाची कालवं आमच्या आयांनी दहा वर्षांपासून सोडून दिलीत, हे आमच्या बायकांना पाठ आहे. पहिल्या नमुन्याच्या शिवल्या आम्ही स्वतः चिखलात उतरून काढून देतो, पैसे नकोत. फक्त अमावास्या पौर्णिमेच्या आसपास या, तेव्हा ओहोटी मोठी असते आणि खालचा चिखल उघडा पडतो. नेमकी वेळ आदल्या दिवशी विचारा, आम्ही सांगू.

आपली नम्र,
एक वाचक
(ठाणे खाडीकाठचा कोळीवाडा, नवी मुंबई)